घरातला शहाणा, शाळेतला शहाणा

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात नव्या पालकांची गर्दी होते. पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले दाखले आणि या साऱ्याच्या आडोशाला उभे असलेले आठ-नऊ वर्षांचे मूल. आम्ही त्याला समोर बसवतो, नाव विचारतो, गाव विचारतो, एखादी गोष्ट सांगायला लावतो. पुष्कळदा उत्तर येतच नाही. मूल खाली पाहते आणि पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहते. मग वडील किंवा आजी घाईघाईने म्हणतात, “घरी सगळं कळतं हो त्याला. इथंच बोलेना झालाय.”

कित्येक वर्षे आम्ही हे बोलणे पालकांची सारवासारव समजून सोडून देत असू आणि प्रवेशाच्या नोंदवहीत ‘अबोल’, क्वचित ‘आकलन कमी’ असे शेरे लिहीत असू. आजीच्या वाक्यातील ‘सगळं’ म्हणजे नेमके काय, हे विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने जुन्या नोंदवह्या चाळताना हे शेरे पुन्हा डोळ्यांखालून गेले आणि त्यांतील काही नावांसमोर आज कोणकोणती पदे लागली आहेत हे आठवून संकोच वाटला. म्हणून हा लेख.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी चार्ल्स सुपर आणि सारा हार्कनेस हे अमेरिकन अभ्यासक पतिपत्नी पश्चिम केनियातील कोक्वेत नावाच्या वस्तीत राहिले. ही वस्ती किप्सिगिस लोकांची. शेती करणारे आणि गुरे पाळणारे हे लोक. तेथील लहान मुलांना त्यांनी एक साधी परीक्षा दिली : मोठ्या माणसाने गोष्ट सांगायची आणि मुलाने ती परत सांगायची. बहुतेक मुले गप्प राहिली. अमेरिकेतील त्याच वयाच्या मुलांशी तुलना केली असती, तर ही मुले मंदबुद्धी ठरली असती. परंतु हीच मुले घरी तान्ह्या भावंडाला सांभाळत होती, गुरे राखत होती, सांगितलेला निरोप आणि सांगितलेली वस्तू योग्य ठिकाणी पोहोचवत होती. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या कशा असू शकतात, हा प्रश्न त्या दोघांनी गांभीर्याने घेतला.

उत्तर मिळाले ते किप्सिगिस आईबापांच्या भाषेत. बुद्धिमान मुलासाठी त्यांच्याकडे ‘ङोम’ असा शब्द आहे. पण शाळा आल्यानंतर त्या शब्दाला दोन शेपटे लागली : ‘ङोम एन गा’, म्हणजे घरातला शहाणा, आणि ‘ङोम एन सुकुल’, म्हणजे शाळेतला शहाणा. घरातला शहाणा तो, ज्याला काम एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही आणि जे न सांगताही काय करायचे ते ओळखतो. एक मूल दोन्ही असू शकते, एखादे एकच असते. आणि किप्सिगिस घरांत मोठी माणसे लहान मुलांशी बोलतात ते मुख्यतः काम सांगण्यासाठी. मुलाने ऐकावे, समजावे आणि करावे, ही अपेक्षा. मोठ्यांसमोर उभे राहून गोष्ट सांगावी, असे त्या मुलांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यांचे मौन हे वळण होते.

हे वाचताना आम्हांला आमचा व्हरांडा आठवला.

किप्सिगिस आणि आपण यांच्यात समुद्र आहे आणि इतिहासही वेगळा आहे, हे खरे. पण आपल्या बोलण्यातही हा भेद स्पष्ट उमटलेला आहे. ‘हुशार’ म्हणजे ज्याला गुण पडतात तो. ‘गुणाचं पोर’ म्हणजे वेगळेच : आईच्या हातातली घागर जे न सांगता घेते, पाहुणा आल्यावर जे पाण्याचा तांब्या घेऊन येते ते. मुलीला ‘गुणी’ म्हणताना तिच्या गुणपत्रिकेचा विचार कोणाच्याही मनात नसतो. आणि ‘शहाणा’ हा शब्द तर फारच बेरकी. “शहाणं माझं बाळ” म्हणताना तो कुरवाळतो आणि “फार शहाणा झालास” म्हणताना कानशिलात बसतो. हा दुसरा शहाणा नेमका कोण? ज्याने मोठ्या माणसाला ‘का?’ असे विचारले तो. घरी ज्या प्रश्नाला दटावणी मिळते, तोच प्रश्न मुलाने वर्गात विचारावा म्हणून आम्ही शिक्षक धडपडतो. आठ वर्षांच्या मुलाने एका रात्रीत, एका बसच्या प्रवासात, ही कूस बदलावी अशी आमची अपेक्षा असते.

मुलांना कसे वाढवावे याविषयीच्या आपल्या समजुती आपल्याला समजुती वाटतच नाहीत. त्या निसर्गनियम वाटतात. दुसऱ्या समाजातील रीत समोर आली की मात्र आपण दचकतो. कोक्वेतमधील आया बाळाला बसायला शिकवण्यासाठी जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात त्याला टेकवून बसवत. बसणे आणि चालणे या गोष्टी शिकवायच्या असतात, असे त्या मानत. ती बाळे अमेरिकन बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसू आणि चालू लागत. रांगण्यात मात्र ती पुढे नव्हती, कारण रांगणे कोणी शिकवत नव्हते. शरीराच्या वाढीसारखी गोष्टही आईच्या समजुतीचे बोट धरून चालते, हे यातून दिसले.

झोपेचेही तसेच. ग्वातेमालातील माया आयांना जेव्हा कळले, की अमेरिकेत तान्ह्या बाळाला वेगळ्या खोलीत एकटे झोपवतात, तेव्हा त्यांना धक्का बसला आणि त्या बाळांची कीव आली. जपानमध्ये आईबापांच्या मध्ये झोपलेल्या मुलाला नदीच्या चित्राक्षराची उपमा देतात; त्या अक्षरात दोन उभ्या रेघांच्या मध्ये एक रेघ असते. आपल्याकडे साडीची झोळी आढ्याला टांगलेली असते, कामावर गेलेली आई तीच झोळी बांधावरच्या बाभळीला बांधते आणि झोळीतून उतरलेले मूल आजीच्या कुशीत जाते. एकटे झोपणे ही शिक्षा वाटावी, अशीच ही घडण आहे. अशा मुलाला आम्ही वसतिगृहात पहिल्याच रात्री एक लोखंडी खाट देत असू. मध्यरात्री फेरी मारताना एका खाटेवर दोन, कधी तीन मुले गुरफटून झोपलेली आढळत. आम्ही त्यांना उठवून आपापल्या जागी पाठवत असू, आणि सकाळी प्रार्थनेनंतर शिस्तीवर चार शब्द ऐकवत असू. जुन्या माजी विद्यार्थ्यांना ते चार शब्द आठवत असतील. आता पहिला महिनाभर लहान मुलांच्या गाद्या जमिनीवर एकमेकींना लागून घालतो. रडण्याचे प्रमाण कमी झाले, आमचीही झोप वाढली.

रीती अशा का पडतात? रॉबर्ट लव्हाइन या मानववंशशास्त्रज्ञाने केनियातीलच गुसी लोकांमध्ये दीर्घकाळ काम केले. आईबापांच्या उद्दिष्टांना एक क्रम असतो, असे त्याने मांडले. आधी मूल जगले पाहिजे. मग ते पोटापाण्याला लागले पाहिजे. त्यानंतर समाज ज्याला चांगले मानतो ते गुण त्याच्यात उतरले पाहिजेत. ज्या समाजात तान्ही मुले दगावतात, तेथील आई बाळाला अंगाला चिकटवून ठेवते, ते किंचित रडले तरी पदराखाली घेते. त्याच्याशी गप्पा मारणे, त्याची बुद्धी खुलवणे हे तिला त्या वेळी सुचत नाही. तिचे सारे लक्ष श्वासावर असते.

आपल्या आजी-पणजींच्या रीती या क्रमाच्या उजेडात पाहिल्या, की त्यांचा अर्थ उलगडतो. काजळाची तीट, सटवाईची पूजा, दृष्ट काढणे, मुलाचे कौतुक चारचौघांत न करणे या सर्व रीतींच्या मुळाशी एकच भय होते. हे भय अज्ञानातून आले असे म्हणून हसणे सोपे आहे. पण त्या काळी किती घरांत पाळणे रिकामे होत होते, याचे स्मरण ठेवावे. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव मोठे झाले. परदेशातील पदव्या घेऊन आलेल्या माणसाच्या घरी ही स्थिती, तर गावकुसाबाहेरच्या झोपडीत काय असेल!

नावांची गोष्ट याच भयातून सुरू होते. मागची मुले गेलेली असली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू असे ठेवीत. असल्या दगडाकडे, केराकडे मृत्यू ढुंकूनही पाहणार नाही, ही आशा. मुलीचे नाव ‘नकुशी’ ठेवण्यामागे मात्र भय नव्हते, उघड नकार होता : यापुढे मुलगी नको. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नामांतर करण्यात आले, म्हणजे ही गोष्ट पुराणातली नव्हे.

पण आपल्या समाजाच्या नावांमागे आणखी एक कारण होते आणि ते आईबापांच्या मनातून आलेले नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणत्या वर्णाच्या मुलाचे नाव कसे असावे हे सांगितले आहे : ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तिरस्कारदर्शक. बाळाला हाक मारताना रोज त्याला त्याची पायरी सांगायची, अशी ती योजना. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात ही योजनाही होती. ‘संस्कार’ हा शब्द आज आपण सर्रास वापरतो, आमच्या शाळेच्या फलकावरही तो आहे. पण मुळात ज्या विधींना संस्कार म्हणत, त्यांपैकी विद्येचे दार उघडणारा विधी आपल्या वाडवडिलांना नाकारलेला होता, हे मनात ठेवून तो शब्द वापरावा असे आम्हांला वाटते. ‘वळण’ हा शब्द त्या मानाने निर्मळ. अक्षरालाही लागते आणि माणसालाही.

14 ऑक्टोबर 1956 नंतर वस्त्या-वस्त्यांतील पाळण्यांत काय झाले हे ज्येष्ठ मंडळींनी पाहिले आहे. दगडू आणि धोंडाबाई यांच्या घरी सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा जन्मले. एका पिढीत, फार तर दोन. कोणत्याही अभ्यासकाला संस्कृती ही हजारो वर्षे न बदलणारी वस्तू वाटत असेल, तर त्याने आमच्या पहिल्या तुकडीचे हजेरीपट पाहावेत : एका रकान्यात मुलाचे नाव, शेजारच्या रकान्यात बापाचे.

हा बदल आभाळातून पडला नव्हता. सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण घ्या. पलटणीतील शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळे आणि रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. घर कबीरपंथी, पाठांतर आणि वाचन यांचा तेथे दंडक. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत संसार असताना ते रात्री भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले, की लग्न झालेल्या मुलीकडून दागिना मागून आणून गहाण ठेवत. त्या काळच्या गावगाड्यात मुलाला लवकर कामाला जुंपणे हाच बापाचा शहाणपणा होता. लव्हाइनच्या क्रमातील दुसरी पायरी. रामजींना वेगळे सुचले, कारण ते वेगळ्या जगातून फिरून आले होते. पलटणीने आणि पंथाने मिळून एका बापाची समजूत बदलली आणि मग त्या बापाच्या मुलाने लाखो आईबापांची. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेब बोलले, त्यातील कितीतरी भाग संगोपनाविषयी होता : स्वच्छता, मुलांचे शिक्षण, त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाकणे, लग्नाची घाई न करणे. राजकीय लढ्याच्या धामधुमीत आयांना उद्देशून हे सांगावेसे वाटले, यातच सारे आले.

आणि वसतिगृह! बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापूरला वसतिगृह काढले; त्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात, पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ही वाट रुंद केली. या वाटेने आपल्याकडे मायेची एक नवी रीत रुजवली : मुलाला दूर ठेवणे. जगात अनेक ठिकाणी लहान मुलाला घराबाहेर ठेवणाऱ्या आईला निष्ठुर म्हणतील. आमच्या व्हरांड्यात ऊसतोडीला जाणारे जोडपे येते. दिवाळीच्या सुमारास कोयता निघाला, की उन्हाळ्यापर्यंत परत फिरणे नाही. मूल बरोबर नेले तर ते फडावर पाचटात वाढणार. ती आई मुलाच्या पेटीत साबणाची वडी ठेवते, पुन्हा काढून पाहते, पुन्हा ठेवते आणि मागे वळून न पाहता फाटकाबाहेर जाते. तिला निष्ठुर म्हणणाऱ्याने ती पेटी पाहिलेली नसते.

इथवरचे सारे आम्ही अभिमानाने सांगतो. आता जे सांगायचे ते तितके सोपे नाही.

शाळेतला शहाणा घडवताना घरातला शहाणा आम्ही पुसून टाकला. पाचवीत आलेला मुलगा शेळीचे दूध काढू शकत होता, आभाळाकडे पाहून पाऊस सांगू शकत होता, धाकट्या बहिणीला ताप आला तर काय करावे हे त्याला ठाऊक होते. दहावी होऊन तो घरी जातो, तेव्हा त्याचे कपडे स्वच्छ असतात, इंग्रजी बरे असते आणि जेवून झाल्यावर ताट तिथेच ठेवून तो उठतो. एका आईने आम्हांला विचारले होते, “सर, तुम्ही त्याला लई शिकवलंत. पण आता तो आमच्यात बसत न्हाई.” तक्रारीचा सूर नव्हता, ती उपकारच मानत होती. त्यामुळे ते वाक्य जास्त लागले. घरची बोली बोलली म्हणून आम्ही वर्गात मुलांना टोकत होतो, घरच्या कामाविषयी कधी निबंधही लिहायला सांगत नव्हतो, मग त्याने तरी दुसरे काय शिकावे?

मुलींच्या बाबतीत उलटे घडले. त्यांच्या अंगचा घरातला शहाणपणा कोणी पुसला नाही, उलट तो फार वापरला गेला. थोरल्या बहिणीचे बाळंतपण आले, आई आजारी पडली, की नववी-दहावीतल्या मुलीला बोलावणे येई, कारण ती ‘गुणी’. केनियातही तान्ह्यांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या बहुधा मुलीच. आम्ही अशा घरांपुढे ‘पालक उदासीन’ असा शेरा लिहून मोकळे होत होतो. त्या घरात कोण कोणाला सांभाळते, हे न विचारता. आता मुलीला न्यायला आलेल्या माणसाशी आधी बसून बोलतो. मावशी, आत्या, शेजारीण, दुसरी काही सोय होते का ते पाहतो. निम्म्या वेळा होते. निम्म्या वेळा होत नाही आणि मुलगी जाते.

माराविषयीही बोलायला हवे. “मारा, पण शिकवा,” असे म्हणून कित्येक बाप मुलाचा हात आमच्या हाती देत आले आणि आम्ही तो परवाना वापरला, हे लपवण्यात अर्थ नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला मनाई केली, तेव्हा आमच्यातील काहींना आता धाक कसा राहणार अशी चिंता पडली होती. वस्तुतः मज्झिम निकायातील राहुलाला केलेला उपदेश आम्ही दरवर्षी मुलांना सांगत होतो. परंपरेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा. तथागत त्याला पाण्याच्या भांड्याचे उदाहरण देतात, मग आरशाचे. आणि कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिने कोणाला इजा होते का, हे स्वतः तपासून पाहायला सांगतात. धाक कुठेच नाही. सकाळी हा पाठ सांगून दुपारी छडी उचलणारे हात आमचेच होते. धम्म बदलला, नावे बदलली, पण छडी मात्र जुन्या गावशाळेतून आली होती आणि ती आपली म्हणून आम्ही सांभाळली.

गेल्या काही वर्षांपासून प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर आम्ही एक रकाना वाढवला आहे : ‘मूल घरी कोणकोणती कामे करते?’ पालकांना तो आधी विचित्र वाटतो. काहींना भीती वाटते, की खरे लिहिले तर बालमजुरीचा ठपका येईल. त्यांना समजावून सांगावे लागते. ज्यांना लिहिता येत नाही, ते सांगतात आणि आम्ही लिहितो. मुलाखतीत गोष्ट सांगायला लावण्याऐवजी त्या रकान्यातील एखाद्या कामाविषयी मुलालाच विचारतो. यंदा एका मुलाच्या रकान्यात ‘कोंबड्या पाहतो’ एवढेच लिहिले होते. किती कोंबड्या, असे विचारल्यावर तो प्रथम गप्पच राहिला. मग म्हणाला, “कालपातूर अकरा व्हत्या. एक खुडूक हाय, ती धरायची का न्हाई?”

त्यावर आमच्यात एकमत होईना. तेव्हा त्यानेच खुडूक कोंबडी म्हणजे काय, तिच्याखाली अंडी कशी मांडतात आणि एकविसाव्या दिवशी काय होते, हे आम्हांला नीट समजावून सांगितले. शेऱ्याच्या जागी आम्ही ‘कोंबड्या : अकरा’ असे लिहिले आहे.